घटक ५ : फादर थॉमस स्टीफन्स – धर्मसंघातील जीवन आणि ख्रिस्तपुराणाची निर्मिती

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• फादर स्टीफन्स यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना कालक्रमाने सांगता येतील.
• सोळाव्या शतकातील साष्टी प्रांतातील जेझुइट धर्मसंघाचा दिनक्रम व वर्षक्रम स्पष्ट करता येईल.
• या जीवनक्रमातून ख्रिस्तपुराणाची गरज कशी निर्माण झाली, हे विशद करता येईल.
• स्टीफन्स यांच्या भाषाविषयक कार्याचे मूल्यमापन करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संत एकनाथांच्या कार्याचा परिचय करून घेतला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्याच सुमारास पैठणपासून दूर, गोव्यातील साष्टी प्रांतात, पस्तिशीतील एक इंग्रज धर्मगुरू मराठी आणि कोकणी भाषा आत्मसात करीत होता. त्याने पुढे रचलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ प्राचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण ठरला.

फादर स्टीफन्स यांच्याविषयी लिहिताना त्यांनी केलेल्या मराठीच्या स्तुतीपाशीच बहुधा थांबले जाते. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी यांच्या उपमा देऊन त्यांनी मराठीचे श्रेष्ठत्व सांगितले, हे खरे आहे. परंतु तेवढ्याने या ग्रंथाचे स्वरूप उलगडत नाही. ख्रिस्तपुराण हे चर्चमध्ये जमलेल्या समुदायाला ऐकविण्यासाठी रचलेले काव्य आहे. ते समजून घेण्यासाठी ते ज्या जीवनक्रमात जन्मले तो जीवनक्रम जाणून घ्यावा लागतो. प्रस्तुत घटकात स्टीफन्स यांचे चरित्र आपण याच दृष्टीने पाहणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जन्म, शिक्षण आणि संघप्रवेश

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुशटन या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्यांचे शालेय शिक्षण विंचेस्टर येथे झाले. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत कॅथलिक पंथाच्या उपासनेवर कायद्याने बंदी होती. अशा काळात स्टीफन्स यांची थॉमस पाउंड या कॅथलिक सरदाराशी मैत्री झाली. पाउंडचा सेवक असल्याचे वेषांतर करून ते त्याच्याबरोबर हिंडत. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश घेण्याचे ठरविले होते. मात्र पाउंडला अटक झाली आणि त्याची पुढील अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी संघात प्रवेश केला.

स्वतःच्या देशात स्वतःच्या पंथाची उपासना चोरून करावी लागणे हा त्यांच्या तारुण्यातील अनुभव होता. पुढे साष्टीत त्यांची भूमिका नेमकी उलट झाली. तेथे ते राज्यकर्त्यांच्या धर्माचे प्रतिनिधी होते आणि उपासनेवरील बंदी इतरांवर होती. त्यांच्या चरित्रातील हा विरोधाभास आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

५.२.२ लिस्बन ते गोवे

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स यांनी लिस्बनहून प्रस्थान ठेवले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. वारे, सागरी प्रवाह, पक्षी, मासे, तसेच दीर्घ प्रवासात हिरड्या सुजून होणारा खलाशांचा रोग यांची त्यात बारकाईने नोंद आहे. रिचर्ड हॅक्लुट याने इंग्रजी सागरी प्रवासांच्या आपल्या प्रसिद्ध संग्रहात हे पत्र छापले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख केला जातो.

गोव्यात गुरुदीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टीत झाली. मधील काही काळ सोडला, तर पुढील जवळजवळ चाळीस वर्षे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

५.२.३ साष्टी प्रांत

मुंबई उपनगरांतील विद्यार्थ्यांना साष्टी हे नाव परिचित आहे. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत, तेही साष्टी याच नावाने ओळखले जाते. दोन्ही ठिकाणी या नावाचा संबंध सहासष्ट गावांशी जोडला जातो. दोन्ही प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली होते. उत्तरेकडील साष्टी १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली त्या मोहिमेत ती त्यांच्या हातून सुटली. तेथेही जेझुइट व फ्रान्सिस्कन संघांनी चर्च उभारली. फादर स्टीफन्स यांचे जीवनकार्य मात्र मडगाव, राशोल (रायतूर) यांच्या परिसरातील गोव्याच्या साष्टीत घडले. या घटकात यापुढे साष्टी म्हणजे गोव्यातील साष्टी असे समजावे.

स्टीफन्स येण्यापूर्वी दोन दशके हा प्रांत मोठ्या उलथापालथीतून गेला होता. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. त्याच वर्षी कुशस्थळीच्या मंगेशाची मूर्ती पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळ येथे नेण्यात आली. १५६६ मध्ये केळशीची शांतादुर्गा कवळे येथे गेली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली. देवळे गेली तशा देवळांभोवतीच्या गोष्टीही गेल्या : पुराणश्रवण, उत्सव, कीर्तन, पालखी. धर्मांतर केलेल्या कुटुंबांना जुने ग्रंथ बाळगण्यास मनाई होती. घराचे दैवत बदलले, तरी संध्याकाळी ओवी ऐकण्याची कानांची सवय बदलत नाही. ख्रिस्तपुराणाच्या निर्मितीचे बीज या पोकळीत आहे.

५.२.४ धर्मसंघातील दिनक्रम

जेझुइट संघाची स्थापना इग्नेशियस लोयोला यांच्या नेतृत्वाखाली १५४० मध्ये झाली. या संघाच्या घराचा दिवस घंटेने बांधलेला असे. पहाटे उठणे, तासभर मूक चिंतन, मिस्सा, दुपारी व रात्री झोपण्यापूर्वी स्वतःच्या वर्तनाचे परीक्षण, भोजनाच्या वेळी धार्मिक ग्रंथाचे वाचन आणि उरलेला वेळ अध्यापनाला, अभ्यासाला व गावांतील कामाला, अशी ही रचना होती. वर्षातून एकदा काही दिवसांचे मौन-चिंतन होई. प्रत्येक प्रांतातून रोमला वार्षिक वृत्तान्त पाठविला जाई.

या दिनक्रमाचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बेनेडिक्टाइन किंवा फ्रान्सिस्कन संघांत दिवसातील ठरावीक प्रहरांना सर्व सदस्य एकत्र जमून स्तोत्रे गात. इग्नेशियस यांनी आपल्या संघाला या सामूहिक गायनातून मुक्त ठेवले. सदस्यांनी प्रार्थना एकेकट्याने म्हणावी आणि वाचलेला वेळ लोकांमध्ये घालवावा, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे संघाच्या घरात गायनाला फारसे स्थान नव्हते. ते गावच्या चर्चमध्ये होते. तेथे मुलांना एकत्र करून धर्मतत्त्वे सुरावर पाठ करून घेतली जात. फ्रान्सिस झेविअर यांनी घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरून मुले गोळा करण्याची प्रथा पाडली होती; ती पुढेही चालू राहिली. रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सेनंतर प्रौढांसाठी विवरण होई. हे सर्व लोकांच्या भाषेत करावयाचे असल्याने भाषा शिकणे हा धर्मगुरूच्या रोजच्या कर्तव्याचाच भाग होता.

५.२.५ वर्षाचे चक्र

दिवसाला घंटेची, तशी वर्षाला सणांची चौकट होती. ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ नाताळपूर्वीच्या आगमनकाळाने होतो. त्यानंतर नाताळ, पूर्वेकडील राजांच्या आगमनाचा सण, राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, पवित्र आठवडा आणि पुनरुत्थानाचा सण असा क्रम लागतो. ख्रिस्ताचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांची कथा दरवर्षी पुन्हा जगण्याची ही योजना आहे. रामनवमी किंवा गोकुळाष्टमी यांमुळे आपल्या वर्षात जशी कथा गुंफली जाते, तशीच ही रीत आहे.

या चक्राला कोकणातील ऋतूंची जोड मिळाली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बंदर बंद होई. भाताची पहिली कणसे तयार झाली की ती चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेण्याची प्रथा रूढ झाली. साष्टीतील राय गावी हा कणसांचा सण आजही ५ ऑगस्टला साजरा होतो. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात हाच सण आगेरा या नावाने ऑक्टोबरमध्ये होतो. पावसाळा ओसरल्यावर पोर्तुगालची जहाजे येत आणि काही महिन्यांनी परतत. स्टीफन्स यांची उपलब्ध महत्त्वाची पत्रे १० नोव्हेंबर १५७९, २४ ऑक्टोबर १५८३ आणि ५ डिसेंबर १६०८ या तारखांची आहेत. ही सर्व पत्रे परतीच्या जहाजांच्या हंगामातील आहेत. युरोपशी बोलण्याचा काळ वर्षातून एकदाच येई. उरलेले महिने साष्टीतील लोकांशी बोलण्याचे होते.

५.२.६ कुंकळ्ळीची घटना

जुलै १५८३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, साष्टीतील कुंकळ्ळी गावी रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांची हत्या झाली. त्यांच्यासोबत आलेले काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. आक्वाविवा यापूर्वी अकबराच्या दरबारात राहून आले होते. चर्च उभारण्यासाठी जागा पाहण्यास हे पथक गेले होते. ज्यांची देवळे उद्ध्वस्त झाली होती, त्या गावकऱ्यांचा रोष त्यांच्यावर कोसळला. मृतदेह परत मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि त्यांतील पंधरा जणांना ठार केले.

या घटनेच्या दोन बाजू आहेत आणि अभ्यासकाने दोन्ही पाहिल्या पाहिजेत. चर्चने मृत धर्मगुरूंना हुतात्मे मानले व १८९३ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. कुंकळ्ळीकर आपल्या गावकऱ्यांचे स्मरण परकीय सत्तेविरुद्ध लढलेले वीर म्हणून करतात. स्टीफन्स यांच्यासाठी हे मृतदेह सहकाऱ्यांचे होते. तरीही त्यांनी त्याच लोकांमध्ये पुढील तीन दशकांहून अधिक काळ काढला आणि त्यांचीच भाषा आपली लेखनभाषा केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. मायदेश सोडला तरी देशबांधवांशी असलेला त्यांचा जिव्हाळा या प्रसंगातून दिसतो.

५.२.७ भाषाभ्यासक स्टीफन्स

गोव्यात पाऊल ठेवल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्स यांनी आपले बंधू रिचर्ड यांना पत्र लिहिले. या प्रदेशात अनेक भाषा आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना १७८६ मध्ये मांडली. स्टीफन्स यांनी असा सिद्धान्त मांडला नाही. तथापि प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या भाषा ऐकून दोनशे वर्षे आधी त्यांना हे साम्य जाणवले, ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

त्यांनी पोर्तुगीज भाषेत कोकणीचे व्याकरण लिहिले. त्यात भर घालून दिओगो रिबेरो यांनी ते सिद्ध केले आणि १६४० मध्ये राशोल येथे ते छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते. ग्रंथनामात भाषेला कानारी म्हटले असले, तरी तो कोकणीसाठी पोर्तुगिजांनी वापरलेला शब्द आहे. कन्नडशी त्याचा घोटाळा करू नये. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी रचलेली कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. चर्चमध्ये रोज मुलांना शिकविण्याच्या कामातून हे पुस्तक जन्मले, हे उघड आहे.

५.२.८ ख्रिस्तपुराणाची निर्मिती

पुराणाच्या आरंभी एक प्रसंग योजिला आहे. पाद्री चर्चमध्ये मुलांना धर्मोपदेश करीत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण तेथे येतो. आपली पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही, अशा आशयाचा प्रश्न तो विचारतो. संपूर्ण ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला पाद्री-गुरूने दिलेले उत्तर आहे. गुरु-शिष्य संवादाची ही चौकट भारतीय पुराणपरंपरेतील आहे. परंतु प्रश्नातील वेदना केवळ वाङ्मयीन संकेत मानता येत नाही. आपल्याच संघाच्या व सत्तेच्या कृतीने लोकांचे काय हिरावले गेले, याची नोंद कवीने ग्रंथाच्या पहिल्या पानांवर केली आहे. हिरावलेले परत देणे त्याच्या हाती नव्हते. ज्या रूपात ते होते ते रूप, म्हणजे ओवी, पुराण आणि श्रवण, तेवढे त्याने परत दिले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर असून विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंतची कथा आहे. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वर असून ख्रिस्तचरित्र आहे. दुसऱ्या भागातील जन्म, राजांचे आगमन, काना गावचे लग्न, दुःखसहन व पुनरुत्थान हे प्रसंग उपासनावर्षाच्या क्रमाशी जुळतात. त्यामुळे त्या त्या सणाला व उपवासकाळात त्या त्या प्रसंगाच्या ओव्या चर्चमध्ये गाणे सोयीचे झाले. कथा कोठे थांबवावी, शोक कोठे लांबवावा, श्रोत्यांना पुन्हा संबोधून कोठे सावध करावे, याचे भान रचनेत सर्वत्र दिसते.

भाषेच्या निवडीमागेही श्रोत्यांचा विचार होता. काव्याची प्रतिष्ठित भाषा मराठी होती, तर घरात बोलली जाणारी भाषा कोकणी होती. म्हणून त्यांनी मराठीचा पाया घेऊन तीत सर्वसामान्यांना कळतील असे कोकणी शब्द मिसळले. स्वर्गासाठी वैकुंठ हा परिचित शब्द स्वीकारला. मात्र बाप्तिस्मा, पवित्र आत्मा अशा श्रद्धेच्या नेमक्या संकल्पनांसाठी पोर्तुगीज वा लॅटिन वळणाचेच शब्द ठेवले. कोणत्या संकल्पनेचे भाषांतर करावयाचे आणि कोणत्या संकल्पनेचा मूळ शब्दच राखावयाचा, हा निर्णय भाषांतरमीमांसेच्या दृष्टीने आजही उद्बोधक आहे.

ग्रंथ देवनागरीत छापावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रात त्यांनी संघप्रमुखांकडे त्यासाठी विनंती केली. रोमन लिपीला २४ अक्षरे पुरतात, तर येथील लिपीला जोडाक्षरांसह सुमारे ६०० ठसे लागतात, ही अडचण त्यांनी स्पष्ट केली. ती योजना सफल झाली नाही. अखेर धर्मन्यायालयाची संमती घेऊन १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले.

५.२.९ अखेर आणि वारसा

पुस्तक छापून झाल्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. त्यांचे वय सुमारे सत्तर वर्षांचे होते. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने १६२९ पासून संत पीटरच्या जीवनावर मराठीत पुराण रचून ही परंपरा पुढे नेली. १६५९ मध्ये फ्रान्सिस्को व्हाझ दि गिमाराइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण लिस्बन येथे छापले गेले. त्यात उत्तर कोकणातील बोलीचे रूप आढळते. पुढे धोरण बदलले. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला.

ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ टिकला. कारण तो हस्तलिखितांत आणि गाणाऱ्यांच्या कंठात उरला. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो सोबत नेला. तेथील हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. विसाव्या शतकात लंडनमधील मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. ज्या लिपीची विनंती स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये केली होती, त्या लिपीत छापलेले पुराण मराठी वाचकाच्या हाती येण्यास सुमारे साडेतीनशे वर्षे लागली.

५.३ सारांश

फादर स्टीफन्स यांचे चरित्र एका धर्मसंघाच्या दिनक्रमाशी व वर्षक्रमाशी बांधलेले आहे. रोजच्या धर्मशिक्षणातून त्यांची प्रश्नोत्तरी, भाषा शिकण्याच्या गरजेतून व्याकरण आणि सणांच्या चक्रातून ख्रिस्तपुराण निर्माण झाले. ज्या व्यवस्थेने साष्टीतील लोकांची पुराणे वर्ज्य केली, त्याच व्यवस्थेतील एका व्यक्तीने त्यांना त्यांच्या भाषेत नवे पुराण दिले. हा अंतर्विरोध पुसून न टाकता त्यांच्या कार्याचे मूल्यमापन केले पाहिजे. हा ग्रंथ आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे, त्याचे श्रेय तो रचणाऱ्याइतकेच तो पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांचे व उतरून घेणाऱ्यांचेही आहे.

५.४ शब्दार्थ

अवस्वर – ख्रिस्तपुराणातील अध्याय. मिस्सा – कॅथलिक पंथातील मुख्य सामूहिक उपासना. गावकर – गोव्यातील ग्रामसंस्थेचा मूळ हक्कदार. आगमनकाळ – नाताळपूर्वीचा तयारीचा काळ. धन्यवादित – संतपदापूर्वीची पायरी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. जेझुइट संघाने सामूहिक स्तोत्रगायन न स्वीकारण्यामागील हेतू कोणता?
२. स्टीफन्स यांच्या १५८३ च्या पत्राचे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्व सांगा.
३. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच्या प्रसंगातून तत्कालीन समाजस्थिती कशी व्यक्त होते, ते सविस्तर लिहा.

५.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील ईस्ट इंडियन किंवा वसईकर ख्रिस्ती कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीची भेट घ्या. आगेरा, उपवासकाळ व नाताळ या प्रसंगी म्हटली जाणारी गीते आणि सणांची बोलीतील नावे त्यांच्या परवानगीने नोंदवा. त्यांतील मराठी, कोकणी व पोर्तुगीज शब्दांची वर्गवारी करून दोन पानांचा अहवाल तयार करा.